बोटीच्या ट्रेलरचे ब्रेक थंडपणी मोकळे, गरम झाले की जाम : धुळ्याच्या गॅरेजमधलं एक प्रकरण

फोनवर तक्रार आली ती एवढीच, की बोटीचा ट्रेलर पहिले दहा-पंधरा किलोमीटर नीट चालतो, मग दोन्ही चाकं तापायला लागतात, गाडी जड होते, जो चढ तिसऱ्या गिअरमध्ये निघायचा तो दुसऱ्यातही निघत नाही, आणि तासभर सावलीत उभं केलं की परत सगळं मोकळं. फोन करणारे दादा नवापूर तालुक्यातले, उकाईच्या बॅकवॉटरमध्ये पिंजऱ्यात मासे पाळतात. उकाई धरण तापीवर, पलीकडे गुजरातमध्ये, १९७२ सालचं, पण त्याचं पाणी आपल्या नवापूर-नंदुरबारच्या बाजूला पार आत शिरलेलं आहे. दादांची फायबरची बोट आहे, खाद्य न्यायला आणि माल काढून आणायला. दर उन्हाळ्यात पाणी उतरलं की ती बोट ट्रेलरवर चढवून धुळ्याला आणतात, फायबरचं काम आणि इंजिनाची सर्व्हिसिंग इथे होते म्हणून.

ट्रेलर बाहेरच्या देशातला, सेकंडहँड घेतलेला, सिंगल एक्सल, १० इंची ड्रम, आणि त्याला हायड्रॉलिक ब्रेक. आता आपल्याकडे ट्रॉली म्हणजे उसाची नाहीतर कपाशीची, ट्रॅक्टरमागची, तिला ब्रेक असतो का तर बहुतेकींना नसतोच, त्यामुळे ट्रेलरला स्वतःचा ब्रेक असतो आणि त्यात ऑइल पण असतं हे ऐकूनच निम्मे मिस्त्री हात झटकतात आणि उरलेले निम्मे न झटकता काम सुरू करतात, ते जास्त महागात पडतं.

हा ब्रेक चालतो कसा ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. बोलेरोतून ट्रेलरला ना वायर जाते ना ब्रेकचा पाइप. ट्रेलरच्या पुढच्या दांड्यावर जो कप्लर असतो, जो गाडीच्या हुकाच्या गोळ्यावर बसतो, तो दांड्याला पक्का वेल्ड केलेला नसतो, तो आत-बाहेर सरकतो. गाडीने ब्रेक मारला की ट्रेलर आपल्या वजनाने पुढे ढकलतो, कप्लर आत सरकतो, आतला पुश रॉड मास्टर सिलिंडर दाबतो, तो ऑइल पाइपातून चाकांकडे ढकलतो, चाकातला व्हील सिलिंडर त्या दाबाने शू, म्हणजे लायनर (घासणारा थर) लावलेल्या अर्धगोल पट्ट्या, ड्रमला आतून टेकवतो आणि दोन्ही चाकांचे ब्रेक लागतात. गाडीने परत ओढायला सुरुवात केली की कप्लर बाहेर, रॉड मागे, ब्रेक सुटले. म्हणजे ट्रेलर जेवढा जोरात ढकलेल तेवढा ब्रेक, हिशोब त्याचा तोच करतो. दांड्यात एक शॉक अब्सॉर्बर असतो, प्रत्येक खड्ड्याला कप्लर ठकठक करू नये म्हणून. आणि एक इमर्जन्सी लिव्हर असते, तिची साखळी गाडीला अडकवायची, ट्रेलर सुटला तर साखळी लिव्हर ओढते आणि ब्रेक लागलेलेच राहतात.

यातून एक गोष्ट निघते ती ध्यानात ठेवा. घाट उतरताना गाडी गिअरवर दाबून धरली की ट्रेलर सतत ढकलत असतो, म्हणजे ट्रेलरचे ब्रेक सतत थोडे थोडे लागलेले असतात, तापणारच. धुळ्याकडून नवापूरला जाताना दहिवेलच्या पुढे कोंडाईबारी घाट उतरायचा असतो, त्यामुळे उतरणीला चाकं तापली तर त्यात नवल नाही. सगळे तेच म्हणत होते, घाटामुळे तापतं, जाड लायनर टाका. पण बोट धुळ्याला आणताना हाच घाट चढायचा असतो. चढताना गाडी ट्रेलरला ओढते, कप्लर पूर्ण बाहेर असतो, ब्रेक लागायचा प्रश्नच नाही. आणि चाकं सगळ्यात जास्त तापली ती चढतानाच. हे ड्रायव्हरच्या लक्षात आलं होतं, पोरगा साक्रीकडचा, वीस-बावीस वर्षांचा, मला म्हणाला, "घाट उतरतांना तपस ते समजस आबा, पण चढतांना कसाले तपस?" या एका प्रश्नावर खरं तर अर्धं प्रकरण सुटतं, पण ड्रायव्हरचं ऐकतो कोण. त्याच्या आधी तो ट्रेलर एका गॅरेजात जाऊन आला होता, तिथे नवे ब्रेक शू टाकले, एका बाजूचा व्हील सिलिंडर खोलून साफ केला, आणि ब्रेकच्या लाइनमधली (ऑइलच्या पाइपातली) हवा काढली. मग परत तक्रार, परत हवा काढली. मग परत.

आता हवा काढल्यावर दर वेळी बरं का वाटायचं, ही या केसमधली सगळ्यात फसवी गोष्ट. हवा काढायला चाकामागचं निपल (ऑइल सोडायची छोटी तोटी) उघडलं की लाइनमध्ये अडकलेलं प्रेशर सुटतं, शू मागे येतात, चाक मोकळं फिरतं. मिस्त्रीला वाटतं हवा होती, निघाली, काम झालं. प्रत्यक्षात हवेने ब्रेक जाम होत नाही, हवा असली तर ब्रेक उलट कमी लागतो, कारण हवा दाबली जाते आणि दाब चाकापर्यंत पोचतच नाही. चाक धरून बसलंय आणि कारण हवा, असं कुणी सांगितलं तर त्याला चहा पाजा आणि ट्रेलर घेऊन निघा.

ट्रेलर आमच्याकडे आला तो दुपारचा, मे महिना, ऊन असं की पाना हातात धरवत नव्हता. मी दादांना आधीच सांगून ठेवलं होतं की वाटेत थांबू नका, निपल उघडू नका, पाणी टाकू नका, जसा तापतोय तसा घेऊन या. कारण जाम असतानाच बघायचं होतं, थंड झाल्यावर काय बघणार, सगळं छानच दिसतं.

आल्या आल्या दोन्ही हबवर (चाकाच्या मधल्या भागावर) तापमान बघायची इन्फ्रारेड गन मारली. दोन्ही बाजू जवळपास सारख्याच तापलेल्या. हे महत्त्वाचं. एकच चाक तापलं असतं तर मी त्या चाकात शिरलो असतो, व्हील सिलिंडर अडकलाय का, शूची स्प्रिंग तुटलीय का, बेअरिंग गेलंय का. दोन्ही सारखी तापतात म्हणजे दोघांच्या सामाईक वाटेत काहीतरी आहे, आणि या ट्रेलरमध्ये सामाईक काय, तर कप्लर, मास्टर, पुढून मागे येणारा पाइप, आणि एक्सलजवळचा तो एक रबरी होज पाइप, जिथून पुढे टी होऊन डावी-उजवी लाइन फुटते. बास, एवढंच. आधीच्या गॅरेजने सगळा वेळ घालवला तो चाकांमध्ये, जिथे दोष असायची शक्यता सगळ्यात कमी होती.

चाकाला अडण म्हणून ओटे लावून ट्रेलर गाडीपासून सोडला, जॅकवर घेतला, एक चाक दोन हातांनी फिरवून पाहिलं, हलेना. आधी इमर्जन्सी लिव्हर बघितली. ती कधी कधी ट्रेलर वळताना साखळी आखूड पडली की थोडीशी ओढली जाते आणि पत्तीची क्लिप तिला तिथेच धरून ठेवते, बाहेरून कळत पण नाही, लोक लाइन खोलत बसतात. इथे लिव्हर जागेवर होती. मग कप्लर बघितला, टॉमी लावून पुढे ओढला, तो आधीच पूर्ण बाहेर होता, सरकत पण होता, म्हणजे गंजून आत अडकला आणि रॉड दाबून बसला असं नाही.

मग लाइन. इथे क्रम उलटा ठेवतो मी, चाकाचं निपल शेवटी. आधी मास्टरच्या तोंडाशी पाइपचा नट अर्धा आटा ढिला केला, चिंधी धरून. फस्सकन ऑइल आलं, चांगलं जोरात, आणि मागे ड्रायव्हर ओरडला, "आबा, चाक सुटनं!" दोन्ही चाकं मोकळी. यावरून ठरलं की होज पाइप निर्दोष, निदान या दोषापुरता. होज आतून फुगून बंद झाला असता तर मास्टरशी नट सोडून चाक सुटलं नसतं, कारण प्रेशर होजच्या पलीकडे अडकून राहिलं असतं, ते होजच्या चाकाकडच्या बाजूला सोडल्यावरच सुटलं असतं. इथे सगळी लाइन मोकळी, फक्त मास्टर ते ऑइल परत घेत नाहीये.

एक बारीक गोष्ट, नवशिक्यांसाठी. ड्रम ब्रेकच्या मास्टरमध्ये एक छोटा व्हॉल्व असतो जो लाइनमध्ये मुद्दाम थोडं प्रेशर ठेवतो, साधारण १० पीएसआय, व्हील सिलिंडरचे रबर सिलिंडरच्या भिंतीला चिकटून राहावेत म्हणून. त्यामुळे निरोगी ब्रेकचा नट सोडला तरी थोडं ऑइल येतंच, ते बघून घाबरू नका. तेवढ्याने शू ड्रमला लागत नाहीत, स्प्रिंगा त्याला मागे धरतात. आमच्याकडे आलं ते थोडं नव्हतं.

आता मास्टर ऑइल परत का घेत नाही. मास्टरच्या टाकीच्या तळाला दोन भोकं असतात, त्यातलं एक अगदी बारीक, सुईच्या जाडीचं. ब्रेक सोडलेला असताना पिस्टनचा रबरी कप या बारीक भोकाच्या जरासा मागे थांबतो, म्हणजे भोक उघडं राहतं, आणि गरमीने लाइनमधलं ऑइल फुगलं तर जास्तीचं त्या भोकातून वर टाकीत जातं. ब्रेक दाबला की कप पुढे सरकून भोक ओलांडतो, मगच प्रेशर तयार होतं. हे भोक बंद झालं तर काय होईल? थंडपणी काहीच कळणार नाही. गाडी निघाली, दोन-चार वेळा ब्रेक लागले, ड्रम थोडे तापले, ऑइल तापलं, फुगलं, जायला जागा नाही, शू हलके ड्रमला टेकले. टेकले म्हणून घासले, घासले म्हणून आणखी तापलं, तापलं म्हणून आणखी फुगलं. चढ असो की उतार, कप्लर आत असो की बाहेर, हे चक्र आपलं आपण चालू राहतं. थांबून थंड केलं की ऑइल आक्रसतं आणि ब्रेक सुटतो. दादांनी फोनवर सांगितलेलं सगळं यात बसत होतं, शब्द न शब्द.

ते भोक उघडं आहे का हे खोलल्याशिवाय कळतं. टाकीचं झाकण काढायचं, कप्लर अगदी हळू आत दाबायचा, पहिल्या मिलिमीटर-दोन मिलिमीटरला टाकीत त्या बारीक भोकातून छोटं कारंजं उडतं, निदान तरंग तरी दिसतो (डोळ्याला चष्मा लावा, आणि हे ऑइल रंगावर सांडू देऊ नका, रंग सोलून काढतं, सांडलं तर लगेच पाणी मारा). आमच्या टाकीत काहीच नाही. शांत.

पण खरं उत्तर कारंज्याच्याही आधी हातात आलं होतं, झाकण काढतानाच. झाकणाखाली रबराचा एक पातळ गास्केट असतो, तो सुरकुत्या पडून वर आलेला, कडेने बाहेर लोंबत होता, काढून परत खाचेत बसवायला गेलो तर बसेना, खाचेपेक्षा मोठा झालेला. ब्रेक ऑइलमध्ये राहून रबर असं फुगत नाही, त्याच्यासाठीच बनवलेलं असतं ते. रबर फुगलंय म्हणजे टाकीत खनिज तेल पडलेलं आहे, इंजिन ऑइल, गिअर ऑइल, हायड्रॉलिक ऑइल, त्यातलं काहीतरी.

याची खात्री करायला लॅब लागत नाही. काचेच्या ग्लासात पाणी घेतलं, टाकीच्या वरच्या थरातलं ऑइल सिरिंजने ओढून त्यात टाकलं. साधं डॉट ३ किंवा डॉट ४ ब्रेक ऑइल पाण्यात विरघळून जातं. हे वर तरंगलं, पिवळसर थर करून. मग उजव्या चाकाच्या निपलमधून थोडं काढून दुसऱ्या ग्लासात टाकलं, ते बहुतेक विरघळलं, पण कडेला एक तेलकट कडं राहिलं. इथेच आधीचे मिस्त्री चकले असणार, कारण चाकातून निघणारं ऑइल डोळ्याला चांगलं स्वच्छ दिसत होतं. खनिज तेल ब्रेक ऑइलपेक्षा हलकं, ते टाकीत वरच राहतं, आधी झाकणाचं गास्केट खातं, मग हळूहळू मास्टरच्या कपापर्यंत येतं. नमुना कुठून घेतला यावर निकाल बदलतो. आणि चाकापर्यंत ते तेल पोचलं कसं, तर परत परत हवा काढून. निपलमधून ऑइल बाहेर सोडलं की वरचं खाली उतरतंच. म्हणजे ज्याने तात्पुरतं बरं वाटत होतं त्यानेच रोग सगळ्या लाइनभर पसरवला.

टाकीत हे आलं कुठून, ते ड्रायव्हरने डोकं खाजवत सांगितलं. मागच्या पावसाळ्याच्या आधी ट्रेलर नेताना रस्त्यात एका ट्रॅक्टरच्या गॅरेजवर टायरमध्ये हवा भरायला थांबले होते, तिथल्या माणसाने सहज टाकीचं झाकण उघडलं, लेव्हल खाली दिसली, आणि हायड्रॉलिक ब्रेक आहे म्हटल्यावर डब्यातलं ट्रॅक्टरचं हायड्रॉलिक ऑइल ओतलं. ह्याने विचारलं पण होतं, हे चालेल का म्हणून. तर उत्तर, "ऑइल ते ऑइल शे भो, त्यामा काय." त्या माणसाला मी फार दोष देत नाही, चांगल्या मनाने केलं, पैसे पण घेतले नव्हते. आणि रबर काही त्याच दिवशी फुगत नाही, त्याला वेळ लागतो, मधे पावसाळाभर ट्रेलर उभाच होता, त्यामुळे पुढच्या उन्हाळ्यात चाकं तापली तेव्हा त्या टॉपअपशी कुणी ते जोडलंच नाही.

आता लेव्हल कमी का झाली होती, गळती होती का? नव्हती. मग का झाली, ते आता नक्की सांगता येत नाही.

उपाय यात एकच असतो आणि तो लोकांना पटत नाही. दादा म्हणाले, "भाऊ, मास्टरचं किट टाका आणि ऑइल बदला, बाकी कशाला?" मी म्हटलं दादा, तेल जिथे जिथे गेलं तिथलं सगळं रबर जाणार, आज नाही फुगलं तर महिन्याने फुगेल, आणि रबरात मुरलेलं तेल नव्या ऑइलने निघत नाही. मास्टरचे कप, दोन्ही व्हील सिलिंडरचे कप, झाकणाचं गास्केट, होज पाइप, सगळं बदलायचं, नाहीतर मी हात लावत नाही. थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, करा. मास्टर खोलल्यावर त्यांना कप दाखवला, जुना कप नव्याच्या शेजारी ठेवून, तेव्हा पटलं, ओठ एवढा पसरलेला की बारीक भोकावर बरोबर झाकण होऊन बसत होता.

सुट्या भागांची मात्र दमछाक झाली. मास्टरचा बोअर (आतली भिंत) चांगला होता, ओरखडा नाही, व्हर्नियरने माप घेऊन त्या मापाचे कप मिळाले. व्हील सिलिंडरची गंमत वेगळी. या ट्रेलरच्या सिलिंडरला एकच पिस्टन, पुढच्या शूला ढकलणारा, आणि शूची बैठक अशी की चाक उलटं फिरलं की ब्रेक आपोआप ढिला पडतो. का, तर रिव्हर्स घेताना पण कप्लर दाबला जातो, मग ब्रेक लागून ट्रेलर मागे जाणारच नाही, पाण्यात बोट उतरवायची कशी? म्हणून ही सोय. त्यामुळे शू ज्यावर बसतात ती डावी आणि उजवी प्लेट वेगळी असते, अदलाबदल चालत नाही, केली तर पुढे जाताना ब्रेक नाममात्र आणि रिव्हर्सला जाम. प्लेटा आपल्या जागेवर होत्या, पण डाव्या बाजूला आधीच्या गॅरेजने शू उलटे टाकले होते, लांब लायनरचा पुढे आणि आखूडचा मागे. आखूड लायनरचा शू पुढे यायला हवा. नव्या लायनरवर जास्तीचे पैसे घालवून डावा ब्रेक कमी लागत होता तो यामुळे.

होज पाइपला सगळ्यात जास्त थांबावं लागलं. बाहेरच्या ट्रेलरवर ३/८ इंच २४ आट्याचे नट, आपल्याकडच्या गाड्यांना बहुतेक १० मिलिमीटर १ पिचचे. हे दोन आटे डोळ्याला सारखेच दिसतात, थोडेसे एकमेकांत जातात पण, आणि मग आटे खातात, नाहीतर ढिले राहतात. ब्रेकच्या लाइनला असला जुगाड करायचा नाही. एका शेजाऱ्याने सुचवलं की ट्रॅक्टरचा हायड्रॉलिक होज हव्या त्या तोंडांचा प्रेस करून आणू, प्रेशर तर त्याच्यात जास्तच सहन होतं. प्रेशर सहन होतं खरं, पण त्याचं आतलं रबर खनिज तेलासाठी असतं, ब्रेक ऑइलसाठी नाही, म्हणजे तीच चूक उलट्या बाजूने. योग्य होज मुंबईहून मागवला, येईपर्यंत ट्रेलर पत्र्याखाली उभा.

तेवढ्यात बेअरिंगं काढली. बरं झालं काढली. उजव्या हबमधलं ग्रीस जास्त दूध घातलेल्या चहाच्या रंगाचं झालेलं. पाणी शिरलं होतं, आणि त्याचं कारण पण ब्रेकच. रस्त्यावर हब तापलेला, तसाच थेट उतारावरून पाण्यात घातला, हबमधली गरम हवा एकदम थंड होऊन आक्रसली आणि सीलच्या ओठातून पाणी आत ओढलं गेलं. तापीचं पाणी गोडं, मिठाची भीती नाही, पण उन्हाळ्यात काठाला निव्वळ गाळ असतो, तो बारीक गाळ पाण्याबरोबर आत येतो आणि रोलर खरवडतो. एका बेअरिंगच्या रोलरवर ठिपके पडायला लागले होते, कोनसकट बदललं, त्याचा कप (बाहेरचं लोखंडी कडं) पण. सील नवे, दुहेरी ओठाचे. नट घट्ट करताना हब फिरवत घट्ट करायचा, मग सोडून हाताने टेकवायचा आणि स्प्लिट पिन, बास, पाना लावून आवळलेलं बेअरिंग पुढच्या गावापर्यंत पोचत नाही.

लाइन धुवायला आधी स्पिरिट सोडलं, एका बाजूने घालून दुसऱ्या बाजूने निघेपर्यंत, मग कॉम्प्रेसरच्या हवेने सुकवली, परत स्पिरिट, परत हवा. पेट्रोल-डिझेल-रॉकेलने ब्रेकची लाइन धुवू नका, तीच बिमारी परत आणाल. मग नवे भाग बसवून डॉट ४ भरलं. डॉट ३ पण चाललं असतं, पण डॉट ३ चा उकळबिंदू कोरडा असताना किमान २०५ अंश सेल्सिअस आणि पाणी शोषल्यावर १४० असतो, डॉट ४ चा २३० आणि १५५. आणि हा ट्रेलर तर पाण्यातच जातो, ऑइलने ओल धरायचीच, म्हणून डॉट ४, आणि दर दोन वर्षांनी बदलायचं.

शू ॲडजस्ट केले, स्टार व्हील (शूमधलं अंतर कमी-जास्त करणारं दातेरी चाक) फिरवून, चाक फक्त पुढच्या दिशेने फिरवत. उलटं फिरवलं तर तो सुटण्याचा प्रकार मधे येतो आणि माप चुकतं. चाक हाताने फिरेनासं होईपर्यंत घट्ट, मग हलकंसं घासत मोकळं फिरेल इतकं मागे. हे हवा काढायच्या आधी करायचं. हवा काढताना एक जण कप्लरच्या खाचेतून मोठा स्क्रूड्रायव्हर घालून रॉड दाबतो, दुसरा निपलवर, दाब, धर, सोड, सावकाश, घाई केली की ऑइलला फेस येतो आणि फेसातली हवा तासभर बसत नाही. लांबचं चाक आधी. टाकी रिकामी होऊ द्यायची नाही, एकदा रिकामी झाली की पुन्हा पहिल्यापासून. शेवटी दोन्ही निपलमधलं ऑइल परत पाण्याच्या ग्लासात टाकून पाहिलं, पूर्ण विरघळलं, कडं नाही. आणि टाकीत कारंजं, छान, बोटभर उडालं, ड्रायव्हर बघून हसायलाच लागला.

बोट चढवून सुरत हायवेवर ट्रायल घेतली, मुद्दाम भर दुपारी, बऱ्यापैकी ब्रेक मारत. थांबून गन मारली तर डावा हब ६४ अंश, उजवा ६१. ब्रेक वापरला की हब तेवढा तापतोच, बेअरिंगं पण थोडी तापतात, काळजी तेव्हा करायची जेव्हा ब्रेक न मारता तापतो किंवा दोन बाजूंत मोठा फरक पडतो. मग गाडीला मोकळा चढ दिला, एकदाही ब्रेक न मारता, आणि हब तापायच्या ऐवजी थंड झाले. मला हेच बघायचं होतं. पुढे कोंडाईबारी उतरून ट्रेलर नवापूरला गेला, तिथून दादांनी फोन केला की घाटाखाली थांबून हात लावला, हात ठेवता येतोय.

बिल दादांच्या अंदाजापेक्षा बरंच वर गेलं, त्यातला मोठा भाग होज, बेअरिंग आणि आधीच वाया गेलेले शू. योग्य ऑइलची बाटली दीड-दोनशे रुपयांत येते, ती आता गाडीच्या डॅशबोर्डमध्ये असते. टाकीच्या झाकणावर ड्रायव्हरने पांढऱ्या रंगाने "फक्त डॉट ४" लिहिलंय, अक्षर वाकडं आहे पण वाचता येतं. काठावर पोचल्यावर बोट लगेच पाण्यात न घालता आधी खाद्याची पोती उतरवून घेतात, तेवढ्यात हब थंड होतात. उजवा ड्रम आतून ठीक आहे, डाव्याचा व्यास मात्र त्याच्यावर कोरलेल्या कमाल मापाच्या अगदी जवळ आलाय, आणखी एक टर्निंग (लेथवर आतून कातून घेणं) घेणार नाही, तो दिवाळीनंतर बदलायचा ठरलंय आणि मिळतो कुठे ते शोधणं चालू आहे.